इवल्या विटांचे भव्य गड

एखादे यंत्र पन्नास-साठ वर्षांपूर्वी विकत घेतलेले असेल, तर त्याचा सुटा भाग आज बाजारात मिळेल याची शाश्वती सहसा कोणी देत नाही. घड्याळे बदलतात, कुलपे बदलतात, विजेच्या उपकरणांचे प्लगही बदलतात. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची एक वीट मात्र याला अपवाद ठरली आहे. १९५८ साली डेन्मार्कमध्ये तयार झालेली लेगोची वीट आज कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या विटेवर दाबली, तर ती चपखल बसते आणि तितक्याच घट्टपणे धरून राहते. जगभरातील प्रौढ छांदिष्ट याच एका गुणाच्या भरवशावर वर्षानुवर्षे विटा साठवतात आणि त्यांतून माणसाच्या उंचीला टेकणारे किल्ले उभारतात. लहान मुलांचे खेळणे म्हणून आरंभ झालेल्या या छंदात गणित, स्थापत्य, अंदाजपत्रक आणि संयम यांची कसोटी लागते. या छंदाची आणि त्यामागील उद्योगाची ओळख उद्बोधक ठरावी.

सुताराच्या कार्यशाळेतून

डेन्मार्कमधील बिलुंड हे त्या काळी एक लहानसे खेडे होते. ओले किर्क क्रिस्टियानसन या सुताराने १९१६ मध्ये तेथील कार्यशाळा विकत घेतली. १९२४ मध्ये त्यांच्या लहान मुलांच्या हातून लाकडाच्या भुशाने पेट घेतला आणि घरासह कार्यशाळा भस्मसात झाली. ती पुन्हा उभी राहते न राहते तोच जागतिक मंदीचा फेरा आला आणि घरबांधणीची कामे आटली. तेव्हा, १९३२ मध्ये, या सुताराने लाकडी खेळणी बनवण्यास प्रारंभ केला. ‘छान खेळा’ या अर्थाच्या ‘लेग गॉट’ या दोन डॅनिश शब्दांतून १९३४ मध्ये ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ओले किर्क यांनी प्लास्टिकचे साचेकाम करणारे यंत्र खरेदी केले. एका लहान खेळणी उत्पादकाच्या दृष्टीने ही मोठीच जोखीम होती. १९४९ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या पहिल्या विटा पूर्णतः मौलिक नव्हत्या. हिलरी फिशर पेज या ब्रिटिश उत्पादकाने आधीच तयार केलेल्या विटांवरून त्या बेतलेल्या होत्या. या विटा आतून पोकळ असत. त्या एकमेकींवर बसत, परंतु त्यांची पकड सैल होती. उंच भिंत रचली की ती थोड्याशा धक्क्यानेही निखळत असे.

हा दोष दूर करण्याचे श्रेय ओले किर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांच्या कारकिर्दीला जाते. विटेच्या पोटात गोल नळ्या बसवण्याची युक्ती सापडली. त्यामुळे खालच्या विटेवरचा गोल उंचवटा वरच्या विटेची नळी आणि भिंत यांच्यामध्ये पक्का धरला जाऊ लागला. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्याच वर्षी ओले किर्क यांचे निधन झाले. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचा विभाग आगीत नष्ट झाला, तेव्हा गॉटफ्रेड यांनी लाकडी खेळणी कायमची बंद करून सारे लक्ष विटांवर केंद्रित केले. १९६३ पासून विटांसाठी एबीएस हे अधिक टिकाऊ प्लास्टिक वापरात आले. नव्या विटेला साठ वर्षांपूर्वीची वीट जुळते, ती साच्यांच्या काटेकोरपणामुळे. त्यात चालणारी चूक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते.

पिवळा किल्ला आणि त्याचे वारस

लेगोच्या इतिहासात किल्ल्याला मानाचे स्थान आहे. १९७८ मध्ये कंपनीने ७६७ भागांचा एक किल्ला बाजारात आणला. त्यात चौदा योद्धे होते, खंदकावरचा उचलता पूल होता आणि बिजागरीवर उघडणाऱ्या भिंती होत्या. आज सर्वपरिचित असलेली हातपाय हलवणारी इवली मानवाकृतीही त्याच वर्षी अवतरली. हा किल्ला चक्क पिवळ्या रंगाचा होता. करड्या विटा हाती आल्या तर मुले रणगाडे बनवतील, या विचाराने कंपनी तो रंग विटांसाठी टाळत असे, असे याचे कारण सांगितले जाते. १९८४ मध्ये करड्या भिंतींचा राजवाडा आला आणि किल्ल्याला दगडाचा रंग लाभला.

त्या पिढीतील मुले पुढे नोकरी-व्यवसायाला लागली आणि कंपनीने त्यांच्यासाठीही किल्ले बनवण्यास सुरुवात केली. २०१६ मध्ये ४,०८० भागांचा डिस्ने किल्ला आला. २०१८ मध्ये हॅरी पॉटरच्या कथांतील हॉगवर्ट्‌सचा ६,०२० भागांचा किल्ला आला. २०२२ मध्ये कंपनीच्या नव्वदाव्या वर्षाच्या निमित्ताने ४,५१४ भागांचा, बावीस मानवाकृती असलेला ‘सिंह सरदारांचा किल्ला’ प्रसिद्ध झाला. जपानमधील हिमेजी किल्ल्याची २,१२५ भागांची प्रतिकृती २०२३ मध्ये, तर जर्मनीतील नॉयश्वानस्टाइनची ३,४५५ भागांची प्रतिकृती २०२५ मध्ये आली.

परंतु खऱ्या छांदिष्टाला तयार संचाची पुस्तिका पुरेशी वाटत नाही. पुस्तिकेत प्रत्येक पायरी आखून दिलेली असते. स्वतःच्या कल्पनेतील गड उभारताना प्रत्येक पायरी स्वतःच शोधावी लागते. छंदाचे खरे आव्हान येथूनच सुरू होते.

आकड्यांचे आव्हान

उभा-आडवा दोन बाय चार उंचवट्यांची, एकाच रंगाची अशा केवळ सहा विटा घेतल्या, तर त्या किती प्रकारे जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने काढलेले उत्तर आहे ९१,५१,०३,७६५! सहा विटांची ही कथा असेल, तर हजारो विटांच्या शक्यता मोजण्याच्या पलीकडे जातात. किल्ला बांधणाऱ्याला या अफाट शक्यतांतून आपली एक वाट निवडायची असते. त्यासाठी तो प्रथम प्रमाण ठरवतो.

लेगोची मानवाकृती सुमारे चार सेंटिमीटर उंच असते. तिला माणूस मानले, तर प्रमाण साधारण एकास चाळीस असे पडते. आता शंभर मीटर लांबीच्या चार बाजू आणि दहा मीटर उंचीचा तट असलेला एखादा मध्यम भुईकोट कल्पावा. या प्रमाणात तटाची प्रत्येक बाजू अडीच मीटर लांब आणि पंचवीस सेंटिमीटर उंच होईल. दोन बाय चारची वीट ३२ मिलिमीटर लांब आणि ९.६ मिलिमीटर उंच असते. म्हणजे एका थरात ७८ विटा, असे २६ थर आणि अशा चार बाजू. एकूण ८,११२ विटा झाल्या. त्यांचे वजनच अठरा-एकोणीस किलो भरेल. हा झाला फक्त सपाट, एकेरी तट. बुरूज, दरवाजे, चर्या, जंग्या, वाडे, पागा आणि कोठारे यांचा हिशेब अद्याप बाकीच आहे. बुरूज तीस मीटर उंच धरला, तर त्याचे ७८ थर होतील.

आकार वाढवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. किल्ल्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर भिंतींसाठी लागणाऱ्या विटा चौपट होतात. भरीव भागासाठी लागणाऱ्या विटा तर आठपट होतात. ‘थोडा मोठा करू’ म्हणून हाती घेतलेला किल्ला अर्ध्यावर राहतो, तो बहुधा हे गणित न केल्यामुळे. यावरील उपाय म्हणजे जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे पोकळी ठेवणे. बाहेरून अभेद्य दिसणारा बुरूज आतून बहुधा रिकामा असतो आणि त्याला आडव्या-उभ्या विटांच्या सांगाड्याचा आधार दिलेला असतो.

डोंगरी किल्ल्याची प्रतिकृती तर याहून कठीण. सह्याद्रीतील गडांचे सामर्थ्य कड्यांत आहे. तटबंदी त्या कड्यांना पूरक म्हणून येते. असा गड विटांत साकारायचा तर तटापेक्षा डोंगरावरच अधिक विटा खर्ची पडतात. हॉगवर्ट्‌ससारखा खडकावरचा किल्ला बांधणाऱ्यांनाही हीच अडचण येते. उतरत्या पृष्ठाच्या विटा विविध कोनांत लावून खडक बनवणे ही या छंदातील एक स्वतंत्र कलाच मानली जाते.

गवंड्याचे जुने शहाणपण

हे सारे प्लास्टिकचे काम असले, तरी त्याचे नियम दगड-विटांच्या बांधकामाचेच आहेत. पहिला नियम सांधेमोडीचा. वरच्या थरातील वीट खालच्या थरातील दोन विटांच्या सांध्यावर यावी, हे प्रत्येक गवंडी जाणतो. एकावर एक सांधे आले की भिंत तेथेच फाटते. दुसरा नियम कोपऱ्यांचा. दोन भिंती कोपऱ्यात आळीपाळीने एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात. तिसरा नियम पायाचा. बेसप्लेट ही पातळ फळी वाकते, म्हणून मोठ्या किल्ल्याखाली लाकडी पाट किंवा विटांचीच जाड बैठक घ्यावी लागते.

विटांची भार सोसण्याची शक्ती मात्र थक्क करणारी आहे. २०१२ मध्ये बीबीसीच्या विनंतीवरून ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत दोन बाय दोनच्या विटांवर दाब देऊन चाचणी घेण्यात आली. एका विटेने सरासरी ४३२ किलो वजनाइतका भार सहन केला. या हिशेबाने सर्वांत खालची वीट चिरडण्यासाठी तिच्यावर सुमारे पावणेचार लाख विटा, म्हणजे साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा रचावा लागेल! असा मनोरा प्रत्यक्षात उभा राहणार नाही. तो त्याच्या फार आधीच कलून कोसळेल. किल्ला बांधणाऱ्यांसाठी यातील बोध स्पष्ट आहे. वीट क्वचितच दगा देते. दगा देतो तो सांधा आणि ढळलेला तोल.

म्हणूनच मोठे किल्ले सलग बांधले जात नाहीत. ते सुट्या खंडांत बांधून प्रदर्शनस्थळी एकत्र जोडले जातात. प्रत्येक खंड दारातून बाहेर निघाला पाहिजे, मोटारीत मावला पाहिजे आणि दोघांना उचलता आला पाहिजे. या तीन अटी कागदावरच्या पहिल्या रेघेबरोबरच ठरवाव्या लागतात. संगणकावर आधी आराखडा करण्याची सोयही आता रूढ झाली आहे. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन छांदिष्टाने १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही संगणकप्रणाली तयार करून याचा पाया घातला. त्यांचे १९९७ मध्ये अकाली निधन झाले, परंतु त्यांनी आखून दिलेल्या पद्धतीवर इतर छांदिष्टांनी पुढील काम उभारले.

एका वर्षाची तपश्चर्या, चार लाख विटा

अमेरिकेतील ॲलिस फिंच यांचे काम या क्षेत्रात आदर्श मानले जाते. मुलाला हॅरी पॉटरच्या कथा वाचून दाखवताना त्यांच्या मनात हॉगवर्ट्‌स उभारण्याची कल्पना रुजली. सुमारे एक वर्ष खपून आणि अंदाजे चार लाख विटा वापरून त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. २०१२ मध्ये सिएटल येथील ब्रिककॉन या प्रदर्शनात त्यांचा किल्ला मांडला गेला आणि गौरवला गेला. बाहेरील मनोऱ्यांइतकेच लक्ष त्यांनी आतील वर्गखोल्या आणि दालने यांकडे दिले होते, हे त्या किल्ल्याचे वैशिष्ट्य.

चार लाख विटा म्हणजे नेमका किती खर्च? २०२२ मधील ‘सिंह सरदारांच्या किल्ल्या’ची अमेरिकेतील किंमत सुमारे ४०० डॉलर होती. त्यातील ४,५१४ भागांनी तिला भागले, तर एका भागाला नऊ सेंटच्या आत पडतात. याच दराने चार लाख विटांचा आकडा पस्तीस हजार डॉलरच्या पुढे जातो. एवढी रक्कम खेळण्यावर एकरकमी खर्च करणारे विरळाच. बहुतेक छांदिष्ट दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढतात, सवलतीच्या काळात संच घेतात आणि जुन्या विटांचा बाजार धुंडाळतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. डॅनियल जेझेक या तरुणाने २००० साली सुट्या विटांच्या खरेदी-विक्रीसाठी ‘ब्रिकलिंक’ हे इंटरनेटवरील दालन उघडले आणि हा बाजार जगभर जोडला गेला. २०१० मध्ये जेझेक यांचे निधन झाले. २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच हे दालन ताब्यात घेतले.

भारतातील छांदिष्टांना खर्चाचा काटा अधिक टोचतो. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले. सवलतीची आणि जुन्या विटांची वाट आपल्याकडे म्हणूनच अधिक निकडीची ठरते.

रंग बदलला तेव्हा

वर्षानुवर्षे विटा साठवण्याच्या या सवयीमागे एक अलिखित करार असतो. आज घेतलेली वीट उद्याच्या विटेशी जुळेल, हा तो करार. २००४ च्या सुमारास त्याला तडा गेला. कंपनीने फिका करडा, गडद करडा आणि तपकिरी या रंगांच्या छटा बदलल्या. नव्या करड्यात निळसर झाक होती. लहान मुलांच्या हे लक्षातही आले नसेल. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे जुन्या करड्या विटा जमवल्या होत्या, त्या किल्लेबांधकांची अवस्था बिकट झाली. अर्धा तट जुन्या छटेचा आणि अर्धा नव्या छटेचा! वीट बसत होती, पण शोभत नव्हती. तीव्र नाराजी व्यक्त झाली. तरीही जुन्या छटा परत आल्या नाहीत.

कंपनीच्या दृष्टीनेही तो काळ कसोटीचा होता. उद्यानांपासून कपड्यांपर्यंत अनेक व्यवसायांत तिने हातपाय पसरले होते. वेगवेगळ्या आकारांच्या भागांची संख्या तेरा हजारांच्या घरात गेली होती. प्रत्येक नव्या आकाराला नवा साचा लागतो आणि साचा ही महागडी बाब असते. २००४ मध्ये कंपनीला सुमारे १९० कोटी डॅनिश क्रोनरचा तोटा झाला. त्या वर्षी यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प या पस्तीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे सूत्रे सोपवण्यात आली. क्रिस्टियानसन घराण्याबाहेरील ते पहिलेच मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांनी लेगोलँड उद्यानांतील मोठा हिस्सा विकला, भागांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली आणि मूळ विटेकडे लक्ष वळवले. ग्राहक आपल्याकडून प्रथम काय मागतो, या प्रश्नाचे उत्तर या कंपनीला पुन्हा एकदा त्या इवल्या विटेतच सापडले. प्रौढ छांदिष्टांशी नियमित संवाद ठेवण्याची पद्धतही याच काळात रुजली.

विटेचे पेटंट तोवर कालबाह्य झाले होते. विटेचा आकार हा व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवता येणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१० रोजी दिला. तेव्हापासून इतर उत्पादकांच्या जुळणाऱ्या विटांना मोकळे रान आहे. कायद्याचे कवच गेल्यावर कंपनीजवळ उरली ती अचूकता आणि जुळण्याची हमी.

किल्लेबांधकांनी रंगबदलाच्या संकटातून वाट काढली. जुना करडा आणि नवा करडा वेगळे ठेवण्याऐवजी अनेकांनी ते मुद्दाम मिसळले, त्यांत थोडा वाळूचा रंग घातला, मधूनच शेवाळी हिरवा पेरला. खऱ्या किल्ल्याचा तट कधी एकाच छटेचा असतो का? पावसाने काळवंडलेला चिरा, डागडुजीचा नवा दगड आणि उन्हाने फिकटलेला कोपरा यांतूनच तटाला वय येते. एकरंगी भिंतीपेक्षा ही मिश्र भिंत अधिक जिवंत दिसते.

उभारणे आणि उतरवणे

मराठी मुलांना किल्ला बांधण्याचा आनंद नवा नाही. दिवाळीत अंगणात किंवा इमारतीच्या आवारात दगड, माती आणि पोत्यांचा गड उभा राहतो, त्यावर अळीव-मोहरी पेरली जाते, शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि पायथ्याशी मावळे मांडले जातात. सण सरला की मावळे डब्यात जातात आणि माती मातीला मिळते. विटांच्या किल्ल्याचेही शेवटी हेच होते. लेगोलँड उद्यानांतील प्रतिकृती गोंदाने पक्क्या केलेल्या असतात. छांदिष्ट मात्र गोंद कटाक्षाने टाळतात. गोंद लागला की ती वीट पुन्हा वीट राहत नाही.

भव्य बांधकामांना जागेची अडचणही चुकत नाही. दूरचित्रवाणीवरील सादरकर्ते जेम्स मे यांनी २००९ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात सुमारे ३३ लाख विटांचे राहण्याजोगे घर उभारले. सुमारे हजार स्वयंसेवकांनी त्यासाठी हात लावला. ते अन्यत्र हलवण्याचा खर्च कोणालाच झेपला नाही आणि काही दिवसांतच ते उतरवावे लागले.

घरात किल्ला जपायचा, तर थेट ऊन टाळावे लागते, कारण अतिनील किरणांनी विटा पिवळ्या पडतात. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी लागते. आणि एके दिवशी नव्या गडासाठी विटा कमी पडू लागल्या की जुन्या गडाकडेच नजर वळते. मग बुरूज खाली येतो, तट थराथराने सुटतो आणि विटा रंगानुसार, आकारानुसार डब्यांत परत जातात. त्या मोजताना एकही वीट वाया गेलेली नसते. पुढचा गड कोणता असावा, याचा विचार तोवर सुरू झालेला असतो.